'डिपेंडन्सी' म्हणजे आश्रित की आश्रयदाता?

अर्धविराम
एका पॅकेज मॅनेजरचे (संगणकावर सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमचे) संदेश मराठीत आणतोय. बहुतेक वाक्यं हातावेगळी झाली, पण 'डिपेंडन्सी'पाशी, म्हणजे एका पॅकेजला चालायला जे दुसरं पॅकेज लागतं त्याच्या नावापाशी, गाडं अडलंय. माझ्या आधी ज्यांनी हे काम केलं त्यांनी सगळीकडे 'आश्रित पॅकेजेस' लिहून ठेवलंय. कानाला बरं वाटलं म्हणून मीही तेच पुढे रेटलं. परवा एका मैत्रिणीला वापरून बघायला दिलं. पडद्यावर प्रश्न आला, 'हे पॅकेज त्याच्या आश्रितांसह काढून टाकायचं का?' ती थबकली. म्हणाली, "नको, मग ह्याच्या जिवावर चालणारे बाकीचे प्रोग्रॅम पण जातील." मी म्हटलं, अगं उलट, ह्याला लागणारी आणि आता दुसऱ्या कुणालाच नको असलेली पॅकेजेस जातील. तर म्हणे, "मग त्यांना आश्रित कसं म्हणतोस? आश्रित तर हेच. ती आश्रय देणारी."

मला उत्तर सुचलं नाही. इंग्रजीत डिपेंडन्सी हा शब्द नात्यालाही चालतो आणि ज्याच्यावर भार टाकायचा त्या वस्तूलाही. आपल्याकडे 'आश्रित' म्हटलं की भार टाकणाराच डोळ्यांपुढे येतो. आणि हा नुसता शब्दाचा कीस नाही. पॅकमन नावाच्या पॅकेज मॅनेजरमध्ये उणे-आरएस हा पर्याय दिला तर त्या पॅकेजला लागणारी, एरवी बिनकामाची झालेली पॅकेजेस जातात. उणे-आरसी दिला तर त्याच्यावर उभी असलेली सगळी जातात. दोन्हीकडे 'आश्रितांसह' छापलं तर माणूस कपाळाला हात लावेल. काय करू?

खुंटी
'अवलंबन' आहे की रूढ. एवढा विचार कशाला?

अर्धविराम
अवलंबन ही क्रिया झाली हो. 'अवलंबने काढून टाकायची का?' हे वाचून मला तरी कुणाची तरी सवय सोडवायचीय असं वाटतं.

जुनी_लिपी
धागाकर्त्याच्या मैत्रिणीला पूर्ण गुण. पण 'अवलंबन'ला एवढ्यात हाकलू नका. मराठीत 'अवलंब करणे' म्हणजे स्वीकारणे असा अर्थ बसला, त्यामुळे मूळ अर्थ आपण विसरलो. संस्कृतात अवलंब म्हणजेच आधार. 'करावलंब' म्हणजे हाताचा आधार. म्हणजे 'ह्या पॅकेजचे अवलंब' असं म्हटलं तर दिशा चोख बसते.

आता गंमत ऐका. 'लम्ब्' म्हणजे लोंबणे, आणि 'अव' म्हणजे खाली. लॅटिनमध्ये 'पेंडेरे' म्हणजे लोंबणे आणि 'दे' म्हणजे खालच्या दिशेला. डिपेंड आणि अवलंब हे दोन्ही शब्द एकमेकांना न विचारता एकाच चित्रातून निघालेत: वरच्या कशाला तरी धरून खाली लोंबणारी वस्तू. तिकडचा पेंड्युलम तो आपला लंबक, हेही त्याच घरातलं.

उगाचच
म्हणजे 'लोंबकळणारी पॅकेजेस'. माझ्या संगणकाची परिस्थिती अगदी नेमकी सांगितलीत.

शून्य_परतावा
जुनी_लिपी, व्युत्पत्ती सुरेख, पण वापरणाऱ्याला संस्कृतातला अवलंब कोण समजावणार? शब्द पडद्यावर एकटा असतो, त्याच्या शेजारी तुम्ही उभे नसता.

मी रोज हेच काम करते. आमच्यात कुणी अवलंबन म्हणत नाही, आश्रित तर नाहीच. आम्ही विचारतो, "ह्याला काय काय लागतं?" समोरचा सांगतो, "ह्याला ती एसएसएलची लायब्ररी (तयार कोडचा संच) लागते, तिला आणखी दोन लागतात." विषय संपला. मराठीत 'लागणे' हे क्रियापद इतकं तयार असताना नाम शोधत हिंडायचं कशाला? 'हे पॅकेज आणि फक्त त्यालाच लागणारी पॅकेजेस काढायची का?' असं लिहा. दुसरीकडे 'हे पॅकेज आणि ते ज्यांना लागतं ती सगळी काढायची का?' दिशा कधीच चुकणार नाही.

खुंटी
+१. पहिल्यांदाच कुणीतरी माणसासारखं बोललं.

नीलपंख
−१. क्रियापद वाक्यात ठीक. मथळ्यात काय करणार? मेनूत 'डिपेंडन्सी' असा एकच शब्द आहे, त्याच्या जागी 'ह्याला काय काय लागतं' लिहिणार? नाम लागतंच (लागतंच!). माझ्या मते 'आश्रय' घ्या. न्यायशास्त्रात (कोर्टाच्या नव्हे, जुन्या तर्काच्या) ह्या नात्याचा पार भुगा करून ठेवलेला आहे. एखादी गोष्ट स्वतःवरच टेकली तर आत्माश्रय, दोन गोष्टी एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय, तीन किंवा जास्त गोल फिरून परत आल्या तर चक्रक, आणि मागे मागे जात राहिलं नि थांबताच येत नसलं तर अनवस्था. पॅकेजवाल्यांना आणखी काय हवं? सर्क्युलर डिपेंडन्सीला मराठी शब्द शोधत बसणाऱ्यांनी आधी आपल्या माळ्यावर चढून बघावं.

शून्य_परतावा
न्यायशास्त्रात तो दोष आहे ना? डेबियन ह्या लिनक्समध्ये अशी वर्तुळं चालवून घेतात. दोन पॅकेजेस एकमेकांना मागत असतील तर डीपीकेजी, म्हणजे तिथला पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम, ते वर्तुळ कुठेतरी तोडतं. त्यातल्या एखाद्याला बसवल्यानंतर चालवायची स्क्रिप्ट नसेल तर तिथे तोडतं, म्हणजे कुणाचं अडत नाही.

नीलपंख
दोष म्हणूनच तर तोडावं लागतं.

जुनी_लिपी
'आश्रित'बद्दल एक दुरुस्ती. संस्कृतात आश्रित हा शब्द ज्याने आश्रय घेतला त्यालाही लागतो आणि ज्याचा घेतला त्यालाही. त्यामुळे आधीच्या अनुवादकाला अगदीच झोडपू नका. शिवाय 'उपजीव्य' आणि 'उपजीवक' ही जोडी आहे. एखादं काव्य ज्या ग्रंथावर पोसलं जातं तो उपजीव्य. इथे चपखल बसेल.

उगाचच
'खालील उपजीव्ये उपलब्ध नाहीत.' काका, हे वाचून मी संगणक बंद करून झोपेन.

बाराखडी
तुम्ही सगळे डिपेंडन्सीत अडकलात, 'पॅकेज' मात्र कुणाला खटकलं नाही. मराठीत पॅकेज म्हणजे नोकरीत मिळतं ते, नाहीतर सरकार जाहीर करतं ते. 'पुडकं' हा सुंदर शब्द आहे, 'पुट'वरून आलेला, म्हणजे दुमडून बांधलेलं. सॉफ्टवेअरचं पॅकेज तेच तर असतं: फाइली, त्यांच्या जागा, काय लागतं त्याची यादी, सगळं एकत्र बांधून ठेवलेलं. आपण आपले शब्द वापरायचेच नाहीत असं ठरवलं असेल तर मग अनुवाद तरी कशाला करता?

शून्य_परतावा
कारण अनुवाद वापरणाऱ्यासाठी असतो, शब्दांच्या पुनर्वसनासाठी नाही. ह्याच शुद्धीपायी मी एका ठिकाणी 'ग्रंथालय सापडले नाही' असा संदेश वाचलाय. लायब्ररीची फाइल मिळत नव्हती. बिचारा वापरणारा कपाट हुडकत बसला असेल.

बाराखडी
तो शुद्धीचा दोष नव्हे, आळसाचा. विचार न करता कोश उघडला की असंच होतं. 'महापौर' शब्द सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसलेच असतील. आता मेयर म्हटलं तर हसतात.

खुंटी
आणि जे शेकडो शब्द दिले नि कुणीच घेतले नाहीत, ते कुणी मोजायचे?

नीलपंख
भांडण पुरे. डेबियनच्या पॅकेजमधली नाती एकेक करून मराठीत बघू, म्हणजे 'आश्रय' किती कामाचा ते कळेल. डिपेंड्स: आश्रय. प्री-डिपेंड्स, म्हणजे जे आधी पूर्ण बसलेलं असल्याशिवाय हे पॅकेज उघडायलाच घ्यायचं नाही: पूर्वाश्रय. रेकमेंड्स: शिफारस. सजेस्ट्स: सुचवण. कॉन्फ्लिक्ट्स: विरोध.

उगाचच
'पूर्वाश्रय' वाचताना माझ्या डोळ्यांना 'पूर्वाश्रमीची' दिसलं. पूर्वाश्रमीची लिबएसएसएल.

शून्य_परतावा
हसू नका, त्याची खरंच गरज आहे! पॅकेजचं नाव बदललं की जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज ठेवतात. त्याच्या पोटात काही नसतं, ते फक्त नव्याला मागतं. जुनं नाव बसवलेल्या माणसाने अपग्रेड केलं की आपोआप नवं येतं. त्याला 'ट्रान्झिशनल' म्हणतात. 'पूर्वाश्रमीचं पॅकेज' ह्याहून नेमकं काही सुचणार नाही.

बाकी यादी मला पटत नाही. शिफारस आणि सुचवण ह्यांतला फरक मराठी वाचणाऱ्याला कळणार का? आणि फरक मोठा आहे, कारण एपीटी (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) शिफारस केलेली पॅकेजेस न विचारता बसवतं, सुचवलेली बसवत नाही. मी असं म्हणेन: हवंच, असावं, असलं तर बरं. आणि विरोध कसला? दोन पॅकेजेसचं 'वावडं' असतं. ती एकत्र नांदत नाहीत.

जुनी_लिपी
'नांदणे' झकास. आवृत्त्या एकमेकींशी नांदतात की नाही, हाच तर सगळा प्रश्न. 'सुसंगत' म्हणून म्हणून आपण तो शब्द गुळगुळीत करून टाकला.

बाराखडी
व्हर्च्युअल पॅकेजला 'आभासी' म्हणतात ते मला आवडत नाही. एक्झिम आणि पोस्टफिक्स हे मेल पोहोचवणारे प्रोग्रॅम, दोघंही 'मी मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट आहे' असं सांगतात. त्या नावाचं खरं पॅकेज नसतंच. त्यात आभास कुठे आहे? नाव आहे, देह नाही. 'नामधारी' म्हणा.

शून्य_परतावा
बाराखडी, हे मात्र मी उचलणार.

खुंटी
'आश्रय'वर माझा एक आक्षेप. शब्द फार भारदस्त आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजेसच्या कोठारातून, लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज काढून घेतलं गेलं तेव्हा जगभरातले बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करायची कामं) कोसळले. किती ओळी होत्या त्यात? अकरा. शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरून द्यायची, एवढंच काम. अकरा ओळींना आश्रयदाता म्हणायचं? तो टेकू. टेकू काढला आणि माडी आली खाली.

नीलपंख
टेकू तात्पुरता असतो.

खुंटी
सॉफ्टवेअरमधल्या तात्पुरत्या गोष्टी किती वर्षं टिकतात ते तुम्हाला माहीत नाही बहुतेक.

उगाचच
आणि ज्या पॅकेजला आपण बोलावलंच नव्हतं, जे दुसऱ्याचा हात धरून आलं, त्याला काय म्हणायचं? २०२१ च्या डिसेंबरात लॉग४जे ह्या जावाच्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा आमच्याकडे सगळे छातीठोकपणे सांगत होते, "आम्ही ते वापरतच नाही." वापरत होतो. आम्ही घेतलेल्या एका गोष्टीला दुसरी लागत होती, तिला हे. यादीत शोधून मिळेना, पोटात शिरून बघावं लागलं. तेव्हापासून मी त्यांना 'चुलत पॅकेजेस' म्हणतो.

जुनी_लिपी
'लांबच्या नात्यातली.' आणि 'लांब' सुद्धा त्याच 'लम्ब्'मधून आलाय बरं का. :)

अर्धविराम
चर्चा भारी चाललीय, पण माझा प्रश्न राहिला बाजूला. आणखी एक अडचण मांडतो. 'ऑर्फन' पॅकेजला 'अनाथ' केलंय. ते तरी बरोबर आहे का?

शून्य_परतावा
कुठलं ऑर्फन? डेबियनमध्ये ऑर्फन म्हणजे ज्याची देखभाल करणारा माणूस सोडून गेला ते पॅकेज. तिथे अनाथ ठीक. पॅकमनमध्ये ऑर्फन म्हणजे दुसऱ्यासाठी आपोआप आलेलं आणि आता कुणालाच नको असलेलं. त्याचा सांभाळ करणारा तिकडे धडधाकट आहे. ह्याला मात्र इथे कुणी विचारत नाही. ते 'बेवारस'.

हे मी फार महाग शिकले. एकदा मला नको असलेला एक खेळ काढला. तो डेस्कटॉपच्या मेटापॅकेजला हवा होता, म्हणून जाताना तो मेटापॅकेजही घेऊन गेला. मेटापॅकेज म्हणजे नुसती यादी, पोटात काही नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण बाकी सगळा डेस्कटॉप त्या यादीमुळे 'आपोआप आलेला' म्हणून नोंदलेला होता. नंतर ऑटोरिमूव्ह, म्हणजे आपोआप आलेली आणि आता कुणाला नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा, चालवलं. यादी लांबलचक होती, मी न वाचता हो म्हटलं. पुन्हा चालू केल्यावर काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. चूक माझीच, पण त्या यादीच्या डोक्यावर 'आता बेवारस झालेली' असं मराठीत लिहिलेलं असतं तर मी एकदा तरी दचकले असते.

बाराखडी
बेवारस? 'बे' फारसी, 'वारस' अरबी. एक शब्द मराठी निवडलात तो पण दोन परदेशी तुकड्यांचा.

खुंटी
वारस मराठी नाही? मग सातबाऱ्यावर काय फारसीत लिहितात का?

जुनी_लिपी
आणि शब्द बेवारस की बेवारशी? माझ्या लहानपणी सगळे 'बेवारशी' म्हणत. वर्तमानपत्रात बेवारस यायचं.

नीलपंख
बेवारशी हे विशेषण, बेवारस हे... तेही विशेषणच. थांबा, बघतो.

बाराखडी
'बिनवारशी' म्हणा, निदान 'बिन' तरी आपला.

जुनी_लिपी
'बिन' आपला खरा, 'विना'वरून. पण अरबीतही 'बिन' आहे, मुलगा अशा अर्थाचा. 'अमुक बिन तमुक' असं जुन्या कागदांत सर्रास सापडतं. म्हणजे 'बिनवारशी'चा अर्थ...

उगाचच
वारशीचा मुलगा. म्हणजे वारस मिळाला, पॅकेज वाचलं.

अर्धविराम
मंडळी, फाइल आज रात्री पाठवायचीय. वाक्यांत सगळीकडे शून्य_परतावा ह्यांचं 'लागणारी' आणि 'ज्यांना लागतं ती' टाकलंय. 'नामधारी' आणि 'पूर्वाश्रमीचं' घेतलं. 'बेवारस' घेतलं, बाराखडींनी माफ करावं. मेनूतल्या त्या एका शब्दासाठी 'आश्रय', 'अवलंब', 'टेकू' तिन्ही लिहून बघितले. प्रत्येक वेळी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे डिपेंडन्सी ना?" तूर्त तिथे देवनागरीत 'डिपेंडन्सी' ठेवलंय.

बाराखडी
आणि अनेकवचन? डिपेंडन्स्या की डिपेंडन्सीज?

खुंटी
आधी तुम्ही सगळे 'पॅकेजेस' लिहिताय ते थांबवा. ते पॅकेज, ती पॅकेजं.

नीलपंख
लेखी मराठीत 'पॅकेजे'.