अंतर तेवढंच, मग तास कमीजास्त का? लांबच्या विमानप्रवासाचे अनुभव लिहा

सायली_के
काल भाचीने विचारलं, लंडन-न्यूयॉर्क जायला आठ तास आणि यायला साडेसहाच कसे गं मावशी? आणि मला माझा पहिला अटलांटिकवरचा प्रवास आठवला. परतताना समोरच्या स्क्रीनवर वेगाचा आकडा चढत चढत ११००च्या वर गेला, बाहेर मिट्ट काळोख, विमान हलत पण नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, मागून वारा आहे. तोच जेट स्ट्रीम, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा. अंतर दोन्हीकडून साधारण साडेपाच हजार किमीच. तुमचेही असे अनुभव सांगा ना.

विजू
फेब्रु २०२० च्या वादळात न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान पाच तासांच्या आत लंडनला टेकलं होतं!! भाचीला सांग.

खिडकीवाला
दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर १२,४०० किमीच्या आसपास भरतं, पण एअर इंडियाने २०१६ मधे हे विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर १५,००० च्या वर गेलं आणि तरी वेळ कमी लागायला लागला, कारण परत तेच, वारा पाठीशी. मी त्या वाटेने गेलोय, अर्धा वेळ स्क्रीनवरचा नकाशाच बघत होतो, पिक्चर एकही नाही.

मीनल
माझे पाय जाम सुजतात, कोणी ते घट्ट मोजे वापरलेत का?

अनघा_हेलसिंकी
आमचं उलटं झालं. हेलसिंकी-टोकियो पूर्वी साडेनऊ तास, २०२२ मधे रशियाचं आकाश बंद झालं तेव्हापासून तेरा. शहरं तिथेच आहेत पण विमान पार उत्तर ध्रुवावरून जायचं. ध्रुव ओलांडल्याचं सर्टिफिकेट मिळालं, लेकीने कपाटावर चिकटवलंय. पण लहान मूल मांडीवर घेऊन ते वरचे साडेतीन तास, नको वाटतं हो.

विजू
अनघाताई, सर्टिफिकेटचा फोटो टाका की!

सायली_के
@मीनल हो, आईला डॉक्टरांनीच सांगितले होते, खूप फरक पडला. निघायच्या आधीच घालायचे, सूज आल्यावर नाही. आणि मधेमधे उठून चालायचं.

दादा५८
टोकियोहून संध्याकाळी निघालो आणि लॉस एंजेलिसला उतरलो तर त्याच तारखेची सकाळ. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करून तास निघत नाहीत, वाटेतली तारीखरेषा धरावी लागते. माझा प्रश्न वेगळाय, रोज रात्री घ्यायची बीपीची गोळी अशा वेळी कधी घ्यायची?

मीनल
दादा, निघायच्या आधी डॉक्टरांकडून वेळ लिहूनच घ्या. बाबांना तसंच दिलं होतं, एक घड्याळ घरच्या वेळेवर ठेवायचे. गोळ्या हँडबॅगेतच हं, चेक-इनच्या बॅगेत नको.

खिडकीवाला
सिंगापूर-न्यूयॉर्क कोणी केलंय का? १५,३०० किमी, अठरा तासांच्या वर, एका दमात. मला जायचंय, लिहा प्लीज.