मेळघाट सोडून सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या समाजकार्यात) जावं का? पगार तिप्पट आहे

धारणीवाला:
एमएसडब्ल्यू झाल्यापासून मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एका संस्थेच्या कुपोषणाच्या प्रोजेक्टवर आहे, सुपरवायझरचा कोऑर्डिनेटर झालो. आता मुंबईच्या एका कंपनीच्या फाउंडेशनची ऑफर आलीय, पगार सरळ तिप्पट, पीएफ-मेडिक्लेम वेगळं. इथं ११ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मार्च जवळ आला की फंडिंग रिन्यू होतंय का याची धाकधूक, घरचे लग्नाचं बघतायत आणि मुलीकडचे पहिलं विचारतात "म्हणजे सरकारी का?" त्यामुळे जायचं मन आहे.
अडतंय एकाच ठिकाणी. दिवाळीनंतर कोरकू आदिवासी कुटुंबं कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात, मधे कुपोषितांच्या यादीतली पोरंच गावात नसतात, मग डिसेंबरच्या रिपोर्टात सॅमचा, म्हणजे तीव्र कुपोषित पोरांचा, आकडा आपोआप खाली येतो. मी "स्थलांतरित" असा वेगळा कॉलम ठेवतो, फंडरला तो खुपतो. पण दंडाला टेप लावली तेव्हा साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, लाल पट्ट्यात असलेलं पोरगं आज गावात नाही म्हणून ते बरं झालं असं कसं लिहू? तिकडं गेलो तर असे रिपोर्ट मागणाऱ्या खुर्चीत मीच बसणार ना?

देवनारची_जुनी:
जा की. त्या खुर्चीत तुझ्यासारखा बसला तर तो कॉलम फॉरमॅटमध्येच येईल, आणि हे मी सीएसआरमध्ये राहून सांगतेय. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के खर्च करणं आलं, पैसा आला, पण सोबत मार्च एंडिंगची घाईही आली आणि बॅनरसमोरचे फोटोही. शाळेचं टॉयलेट लगेच दिसतं, पोराचं वजन दिसत नाही, म्हणून बोर्डाला टॉयलेट आवडतं. इंटरव्ह्यूत एवढंच विचार की प्रोजेक्ट किती वर्षांचे देता. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं चालवायची नियमात सोय आहे, तरी एकेकच वर्ष देत असतील तर काय ते समजून जा.

हिशोबनीस:
तत्त्वं ठीक आहेत पण संस्थांत पगार का वाढत नाहीत तेही बघा. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च आधी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, त्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर २० वर आला, शिवाय तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढं देणंही बंद झालं. मोठ्या संस्थेच्या जिवावर चालणाऱ्या गावोगावच्या छोट्या संस्था त्यात आटल्या. सगळ्यांना कार्यक्रमाला पैसे द्यायचे असतात, तो कार्यक्रम करणाऱ्या माणसाला कुणालाच नाही. मी या संस्थांचे हिशोब बघतो म्हणून सांगतोय.

परतवाड्याचा_पोट्टा:
लोकं उठसूट बाबा आमटे न् बंग डॉक्टरांचं नाव घेऊन तुले लाजवतीन, ते मनावर घेऊ नको भाऊ. त्यायनं आनंदवन, सर्चसारख्या संस्था उभ्या केल्या, आपण नोकरदार माणसं, नोकरी बदलनं काई पाप नोहे. पन मुंबईत बसून कॉलम टाकता येते हे काई मले पटत नाई. फॉरमॅटात रकाना असला तरी तो भराले पाड्यावर जा लागते, कोरकूत विचारा लागते का पोरगं कुठी गेलं, कोनासंग गेलं. तू गेल्यावर ते कोन करीन? नवा माणूस बोली शिकेपर्यंत त्याचंबी कॉन्ट्रॅक्ट सरते.

धारणीवाला:
एचआरला फोन करून विचारलं. प्रोजेक्ट एकेक वर्षाचेच, रिन्यूअल परफॉर्मन्सवर, फील्डला तिमाहीतून एकदा. म्हणजे देवनारताईंनी सांगितलं तेच निघालं. शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. पोट्ट्या, तुझं खरंय, पण आमच्या टीममध्ये एक कोरकू मुलगी आहे, यादी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, कोऑर्डिनेटर तिलाच करा म्हणून सरांकडे बोललोय, तर ते म्हणे डिग्री नाही, फंडर ऐकणार नाही. आता सगळ्यात जास्त राग याचा येतोय. असो. फील्डचे दिवस ऑफर लेटरमध्ये लिहून मागता येतात का?

देवनारची_जुनी:
येतात. पण सही करायच्या आधी मेलवर माग, फोनवर "बघू" म्हणतात आणि विसरतात. महिन्यातले पाच दिवस माग, तीनवर येतील. आणि त्या मुलीची डिग्री मुक्त विद्यापीठातून होईल, तिला फॉर्म भरायला लाव.