मुलांसोबत खेळायला रिमोटची गाडी कोणती घ्यावी? (ग्वाल्हेर, बजेट सहा हजार)

गोठकर
नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. दोघांनाही रिमोटची गाडी हवी आहे आणि खरं सांगायचं तर मलाही. ग्वाल्हेरच्या गेल्या व्यापार मेळ्यातून आणलेली लाल रेसिंग कार संक्रांतसुद्धा बघू शकली नाही. वळायची ती एक तर पूर्ण डावीकडे, नाही तर पूर्ण उजवीकडे. मग पुढचं चाक निखळलं. दुकानदार म्हणाला, "भैया, इसका पार्ट नहीं आता."

घर शहराच्या लष्कर भागात, जुना वाडा. मधे फरशीचा चौक, वर गच्ची. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात नेता येईल. बजेट सहा हजार, ताणून सात. ऑनलाइन ताशी ६० किमीवाल्या गाड्या दिसतात, त्यातली एखादी घ्यावी का? बायकोचं म्हणणं, आधी चौकातल्या तुळशीवृंदावनाचा विमा काढा.

चक्रधर
वहिनींचं बरोबर आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. तुमचा चौक केवढा? बोट दाबून सोडेपर्यंत गाडी ओसरीच्या खांबावर.

तुम्ही बहुतेक डब्ल्यूएलटॉईज कंपनीची १४४००१ पाहिली असणार. गाडी उत्तम आहे: १:१४ मापाची (खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याएवढी), चारही चाकांना ताकद, खाली धातूची चॅसी म्हणजे सांगाडा, ५५० आकाराची दणकट मोटर. पण ती मोठ्या मैदानाची आणि मोठ्या माणसाची. पाच वर्षांच्या पोराच्या हातात तर नकोच, त्याच्या घोट्याच्या आसपाससुद्धा नको. शिवाय तुमच्या बजेटात बसेल असं वाटत नाही.

वेग बाजूला ठेवा आणि आधी स्टिअरिंग पाहा. तुमच्या लाल गाडीचा मूळ आजार तोच होता. दुकानात गाडी हातात उचलून धरा आणि रिमोटचं चाक अगदी थोडंसं फिरवा. पुढची चाकंही थोडीशीच वळली, तर त्याला प्रपोर्शनल म्हणतात. खटकन पूर्ण वळली तर डबा खाली ठेवा, दुकान कितीही झगझगीत असो. हीच गोष्ट ट्रिगरची, म्हणजे रिमोटवरच्या वेगाच्या खटक्याची: हलका दाबला की चाकं हळू फिरली पाहिजेत. बोटाने गाडी "सांभाळता" येते तेव्हाच मुलं चालवायला शिकतात, नाही तर नुसती आदळत राहतात. मग चाकं फिरत असतानाच रिमोट बंद करून बघा. गाडी थांबली पाहिजे.

दुसरं, रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा हवा. जुन्या २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झच्या दोन सारख्या गाड्या एकत्र चालवल्या की ताईच्या रिमोटने भावाची गाडी पळते, आणि पुढे काय होतं ते तुम्ही जाणताच. २.४ मध्ये प्रत्येक गाडी आपल्या रिमोटशी जोडलेली असते.

तिसरं म्हणजे सुटे भाग. मॉडेलचं नाव टाकून गिअर, एक्सल, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) वेगळे विकत मिळतात का ते घेण्याआधी शोधा. नाही मिळाले तर ती गाडी एका गिअरच्या आयुष्याची.

माझं मत: क्रॉलर घ्या, म्हणजे दगडधोंड्यांवर हळूहळू चढणारी गाडी. डब्ल्यूपीएल कंपनीची सी२४ (१:१६, पिकअप) किंवा एमएन कंपनीची डी९० (१:१२, जुन्या लँड रोव्हरसारखी). दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह, दोन्ही रेसिंग गाड्यांपेक्षा बऱ्याच हळू. सुटे भाग आणि वरून लावायच्या सुधारणा इतक्या मिळतात की तुमचंच व्यसन वाढेल.

रीवा_तीरावर
हळू गाडी मुलांना कंटाळवाणी होते हो. आमच्याकडे क्रॉलर कपाटावर धूळ खातोय, पोरगा म्हणतो "ही तर चालतच नाही". मुलांना पळणारं काहीतरी हवं असतं. स्पष्ट सांगते, राग मानू नका.

चक्रधर
राग कसला, ताई. पण सपाट फरशीवर क्रॉलर कंटाळवाणाच होणार. त्याला अडथळे द्या. विटा, पाट, उशीचा डोंगर, दोन पुस्तकांवर पट्टी टाकून पूल. ग्वाल्हेरात दगडांना काय तोटा? गुप्तेश्वरच्या टेकडीच्या पायथ्याशी न्या आणि मग बघा पोरगा अर्धा तास एका दगडाशी कसा झुंजतो ते.

आणखी एक. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. मोठ्यांनाही ते पटकन जमत नाही, पाच वर्षांच्या मुलाला तर रडूच येतं. क्रॉलरच्या मागे मागे चालता येतं, म्हणून डावं ते डावंच राहतं. पळणाऱ्या गाडीमागे कोण धावणार?

साडेसात_व्होल्ट
गाडीवर सगळे बोलतात, बॅटरीवर कोणी बोलत नाही.

या गाड्यांत बहुधा ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी येते, म्हणजे दोन सेल. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो आणि ३ च्या खाली गेला की बिघडतो. म्हणून गाडी मंदावली की थांबायचं, "बाबा, एकच राऊंड" चालणार नाही. चालवून आल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नका, निवू द्या. चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, फरशीवर, गादी-पडद्यापासून दूर. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी मुलांनी हातातही घेऊ नये. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर चढतो, तेव्हा बॅटरी स्कूटीच्या डिकीत विसरू नका. महिनाभर खेळणार नसाल तर अर्धवट भरून ठेवा, सेलमागे ३.८ च्या आसपास.

डब्यातला यूएसबी चार्जर दोन-तीन तास खातो आणि गाडी त्या मानाने फार कमी चालते. तेव्हा जास्तीची एक बॅटरी बजेटात धरा, कनेक्टर तोच आहे ना हे बघून. वेगापेक्षा त्या दुसऱ्या बॅटरीने मुलं जास्त खूश होतील.

गोठकर
चक्रधरजी, व्होल्टभाऊ, खूप आभार. दोन शंका. सी२४ किंवा डी९० एकच घेऊन आळीपाळीने खेळावं, की थोड्या स्वस्तातल्या दोन घ्याव्यात? आणि काही डब्यांवर १४+ लिहिलेलं दिसतं. मग नऊ आणि पाचच्या मुलांना ती द्यावी की नाही?

मोतीमहालचा_कारकून
१४+ म्हणजे कंपनी सांगते आहे की हे मुलांचं खेळणं म्हणून विकत नाही. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हॉबीच्या गाड्या बहुधा त्या चौकटीबाहेर राहून विकल्या जातात. म्हणजे गाडी तुमची, मुलं तुमच्यासोबत खेळणार, असं धरून चाला. बॅटरी, चार्जर आणि स्क्रू ड्रायव्हर तुमच्या ताब्यात, रिमोट त्यांच्या. धाकट्याला एकट्याने खेळायला काही द्यायचं असेल तर आयएसआय मार्क पाहूनच घ्या.

किमतींचंही सांगून टाकतो, कारण इथे दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की बाहेर स्वस्त आणि इथे महाग का. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. बाकीचं गणित तुम्हीच करा. २०२५ च्या मेळ्यात खऱ्या गाडीवर रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळाली, खेळण्यातल्या गाडीवर मात्र कोणी काही सोडत नाही.

चक्रधर
एक की दोन: दोन. मात्र दुसरी पहिलीपेक्षा हलक्या प्रतीची नको, नाही तर चांगली कोणाची यावरून महाभारत. दोन्ही सी२४ घ्या, रंग वेगळे, म्हणजे गिअर आणि टायरही एकमेकींना चालतील. दोन एकदम बजेटात येत नसतील तर आत्ता एक आणि दिवाळीत दुसरी. आळीपाळीला स्वयंपाकघरातला टायमर लावा, वाद मिटतो.

धाकट्यासाठी ट्रिगरमागे थर्माकोलचा छोटा तुकडा चिकटवा, ट्रिगर अर्ध्यावरच अडतो. काही रिमोटांवर त्यासाठी वेगळं बटणच असतं.

जुना_खेळाडू
मी आजोबांच्या वयाचा, म्हणून वेगळं सांगतो. मुलगी नऊ वर्षांची आहे ना? तिला गाडी जोडू द्या. टामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर गाडी १९८४ साली आली, आजही किट म्हणून मिळते: कितीतरी बारीक वस्तू पिशव्यांमधून काढायच्या आणि चित्र पाहत एकेक स्क्रू बसवायचा. तुमच्या बजेटाबाहेर जाईल, पण डब्ल्यूपीएलच्या काही गाड्याही किट स्वरूपात येतात, त्या पाहा. त्यात मोटर, सर्व्हो, रिमोट असतातच असं नाही, यादी नीट वाचून घ्या. स्वतः जोडलेली गाडी मोडली तर पोरं रडत नाहीत, पेचकस शोधतात.

देखभाल अगदी सोपी. खेळून झालं की जुन्या टूथब्रशने माती झाडायची, एक्सलभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्याने काढायचे. ते राहिले की गिअरला ओढ बसते आणि मोटर तापते. पाण्याने धुवायची नाही, डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी.

गोठकर
ठरलं. एक तयार सी२४ आत्ता मागवतो, जास्तीच्या बॅटरीसकट. दुसरी दिवाळीत, किट, ताईसाहेबांसाठी. रीवाताई, तुमच्या कपाटावरचा क्रॉलर विकायचा असेल तर कळवा.

रीवा_तीरावर
तो आता विकायचा नाही. कालपासून पोरगा सोफ्यावर चढवतोय.

नवा_सभासद_७१
मधेच येतो, माफ करा. डब्ल्यूपीएलची डी१२, ती छोट्या सुझुकी टेम्पोसारखी, ड्रिफ्टला, म्हणजे घसरत वळवायला, चालेल का? घरात मार्बल आहे.

मोतीमहालचा_कारकून
चालेल. मागच्या चाकांवर चालते, गुळगुळीत फरशीवर छान घसरते. पण वेगळा धागा काढा, साहेब.