कापराच्या कारखान्यात औष्णिक केंद्राची राख चालेल का?

चेंबूरकर:
आरतीला जळणारा बहुतेक कापूर थेट झाडातून येत नाही. पाइनच्या टर्पेंटाइनमधलं पायनीन घ्यायचं, आम्लधर्मी उत्प्रेरकावर तापवून त्याचं कॅम्फीन करायचं, पुढे आणखी काही टप्प्यांनी कापूर. पहिल्या टप्प्याला आम्लाची प्रक्रिया केलेला टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. तोच टायटॅनियम बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल चिखलात लोहासोबत पडून असतो. कोळशाच्या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं, ती कॉस्टिक सोड्यात शिजवली की झिओलाइट मिळतो, म्हणजे बारीक छिद्रांचा घन पदार्थ, तोही उत्प्रेरक म्हणून चालतो. ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राची चिमणी रोज दिसते, म्हणून हा विषय मला सुटत नाही. सुगंधी तेलवाल्यांनी टाकाऊतले उत्प्रेरक वापरायलाच हवेत.

मशीदबंदर_तेलवाला:
माझा विरोध. आमचं गिऱ्हाईक नाकाने माल घेतं. कोळसा बदलला की राख बदलते. मग एका घाण्यात (एका वेळच्या मालात) कॅम्फीन जास्त, दुसऱ्यात लिमोनीन हे वेगळ्याच वासाचं द्रव्य. शिवाय राखेत शिसं, आर्सेनिक. गवती चहाच्या तेलातल्या सिट्रालपासून आयोनोन हे सुगंधी द्रव्य बनतं, ते साबणातून, अत्तरातून अंगाला लागतं. जबाबदारी कोणाची?

चेंबूरकर:
दादा, कॅम्फीन ऊर्ध्वपातनाने वेगळं करतात. शिसं वाफेबरोबर वर चढत नाही, तळाच्या गाळात राहतं. तपासणी हवीच, ती विकतच्या उत्प्रेरकालाही हवी. द्रव सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर शेवटी अल्कली घालून ते मारायचं, धुवायचं, खारं सांडपाणी सोडायचं. घन उत्प्रेरक नुसता गाळून काढता येतो.

माटुंगा_लॅब:
मीही विरोधात, पण कारण वेगळं. राख जशीच्या तशी फारसं काम करत नाही. आधी आम्लात किंवा कॉस्टिकमध्ये उकळा, धुवा, भट्टीत भाजा. तिकडे वाचवलेलं सांडपाणी इकडे पुन्हा तयार झालं! हा हिशेब मांडल्याशिवाय याला हरित म्हणू नये. आणि प्रमाण बघा. एक टन अ‍ॅल्युमिनामागे साधारण टन-दीड टन लाल चिखल. 2010 मध्ये हंगेरीत अयका इथे त्याचा बांध फुटून 10 माणसं गेली. एवढ्या ढिगापुढे उत्प्रेरकाला लागणारा माल म्हणजे चिमूटभर. राख सिमेंटला आणि विटांनाच जाऊ द्या.

चेंबूरकर:
ढीग संपेल असं मी म्हटलंच नाही. उत्प्रेरक स्वस्त झाला तर कोकणातला छोटा भट्टीवाला कच्चं सुगंधी तेल विकण्याऐवजी पुढचा माल बनवू शकेल, हा माझा मुद्दा. उकळणं टाळायचं तर माहुलच्या रिफायनऱ्यांमधला वापरून झालेला क्रॅकिंग उत्प्रेरक (जड खनिज तेलाचे रेणू तोडायला वापरतात तो) घ्या, त्यात झिओलाइट आधीच असतो.

माटुंगा_लॅब:
त्यात निकेल आणि व्हॅनेडियम साचलेलं असतं. छोट्या भट्टीवाल्याकडे ते तपासायचं यंत्र नसतं, आणि शेवटी गाळ त्याच्याच अंगणात पडेल. आधी वापरलेला उत्प्रेरक परत कोण नेणार ते ठरवा, मग मी तुमच्या बाजूने.

मशीदबंदर_तेलवाला:
आणि मला एकाच वासाचे सलग दहा घाणे दाखवा.