मुंबईचं सिम्युलेशन : तासाला इतकी विमानं कशी उतरतात?

प्रश्न : डेल्फ्ट विद्यापीठाच्या ब्लूस्काय या विमान वाहतुकीच्या सिम्युलेटरमध्ये मुंबईला उतरणारी विमानं मांडली. सगळ्यांत ३ सागरी मैलांचं अंतर ठेवलं. तासाला उतरणाऱ्या विमानांचा आकडा फारच फुगतोय. कुठे चुकतंय?

उत्तर : अरे, मी बावीस वर्षं रडारसमोर काढलीत. सरसकट ३ मैल चालत नाहीत. बोइंग ७७७ सारख्या जड विमानामागे एअरबस ए३२० सारखं मध्यम विमान असेल तर ५ मैल. पुढच्याच्या पंखांमागचे भोवरे मागच्याला कलंडवू शकतात. जडामागे जड आलं तर ४. म्हणून क्रमच सगळं ठरवतो. आणि ०९-२७, १४-३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्या स्वतंत्र धरल्यास का?

प्रश्नकर्ता : हो काका, स्वतंत्रच धरल्या होत्या!

दुसरं उत्तर : उड्डाणांसाठी मधली फटही सोड. त्याच पट्टीवरून विमानं निघतातही.