आईची केमो: घरची प्रार्थनासभा, प्रभुभोजन आणि उपवास कसे सांभाळायचे?

नगरचा_धाकटा:
जय ख्रिस्त. आईला (वय ६१, मधुमेह) स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो सुरू झाली आहे. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सोबत सायक्लोफॉस्फमाइड, दर २१ दिवसांनी, बुधवारी, असे ४ डोस आहेत. मंडळी भक्कम पाठीशी आहे, पण त्यातूनच प्रश्न निघालेत. शुक्रवारची प्रार्थनासभा आमच्याच हॉलमध्ये भरते, २५-३० माणसं येतात. प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आमच्याकडे एकच प्याला फिरतो. आईला गुड फ्रायडेचा उपवास कडक करायचा आहे. शिवाय बाहेरचे एक प्रचारक सांगून गेले की विश्वास असेल तर पुढचे डोस कशाला? यातलं काय चालेल, काय नाही?

ऑन्को_सिस्टर:
दादा, आधी कॅलेंडर घ्या आणि केमोच्या बुधवाराला दिवस १ धरा. २ ते ५ मळमळ आणि थकवा. साधारण ७ ते १४ या काळात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली जातात, सर्वात कमी १०व्या ते १४व्या दिवसाच्या आसपास. २१व्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या भरून येतात. म्हणजे तुमचे रविवार येतात ५वा, १२वा आणि १९वा दिवस. चर्चला न्यायचं तर १९व्या दिवसाचा रविवार. १२व्याला घरीच.

शुक्रवार येतात दिवस ३, १० आणि १७. दहाव्या दिवसाची सभा दुसऱ्या घरी भरवा आणि आईला फोनवर जोडा. सतराव्याला घरी हरकत नाही, पण माणसं कमी, खिडक्या उघड्या, आई दाराजवळच्या खुर्चीत, आणि सर्दी-खोकला असलेल्याने यायचंच नाही. हात ठेवून प्रार्थना करायची तर हात साबणाने धुऊन, खांद्यावर. पोर्ट किंवा पिक लाइन (शिरेतून औषध द्यायची नळी) बसवली असेल तर त्या बाजूला हात नको. मोगऱ्याचे गजरे आणि अत्तर तिसऱ्या दिवशी टाळा, वासानेच उलटी होते.

सभेनंतरचा खाऊ हा मोठा घोटाळा. कापून आणलेली फळं, कोशिंबीर, कच्ची चटणी, बाहेरचं दही आईला देऊ नका. ताजं शिजवलेलं, वाफाळतं चालेल.

ताप १००.४ फॅरेनहाइट (३८ सेल्सिअस) झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी आधी हॉस्पिटलला फोन. क्रोसिन देऊन वाट पाहू नका, ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. ‘आधी प्रार्थना करू, सकाळी बघू’ हे इथे जिवावर बेततं. प्रार्थना गाडीतही करता येते.

मंडळीचे_वडील:
प्याल्याबद्दल. एकच प्याला फिरत असेल तर केमो चालू असेपर्यंत आईने त्यातून घेऊ नये. भाकर रसात बुडवून घेण्यानेही फारसा फरक पडत नाही, कारण बोटं रसात जातात. सोपा उपाय म्हणजे पाळकसाहेबांना सांगून सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसात घरी प्रभुभोजन घ्यायचं, छोट्या वेगळ्या पेल्यातून. मनुका उकळून केलेला रस असेल तर त्याच दिवशी केलेला घ्या, कपाटातल्या जुन्या बाटलीतला नको. तोंड आलं असेल तर द्राक्षारस झोंबतो, तेव्हा रस पातळ करा आणि भाकरीचा तुकडा पाण्यासोबत.

उपवासाचं स्पष्ट सांगतो: आईने करू नये. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूत्राशयाला इजा होऊन लघवीतून रक्त जाऊ शकतं, म्हणून डोसनंतरचे दोन-तीन दिवस भरपूर पाणी आणि वारंवार लघवी लागते. (लाल औषधाने एक-दोन दिवस लघवी लालसर होते ती वेगळी, तिला घाबरू नका.) त्यात मधुमेह. उलट्यांसाठीच्या डेक्सामेथासोनने साखर चढते, आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर एकदम उतरते. उपवास घरातल्या धडधाकट माणसांनी करावा, त्यांनीही गाडी चालवायच्या दिवशी नको.

प्रचारकांना बायबलमधला आजारी राजा हिज्कीया दाखवा. देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आणि तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराची पोटीस बांधायला लावली (२ राजे २०). लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. ट्यूमर लहान झाला की बरं झालं असं वाटून लोक मधेच थांबतात. उरलेल्या पेशी मग पुन्हा वाढतात.

वसईकर:
आमच्याकडे कॅथलिकांत उपवासाचा नियम मुळात १८ ते ५९ वयापुरताच, आणि आजाऱ्याला सूट. कम्युनियनआधीचा (म्हणजे प्रभुभोजनाआधीचा) एक तासाचा उपवासही वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही. त्यामुळे ६१व्या वर्षी केमोत उपाशी राहणं चर्चही मागत नाही. ख्रिस्तशरीर एकट्या भाकरीच्या रूपातही पूर्णच, प्याला लागत नाही.

रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार) शेवटच्या घटकेचं मानून लोक फादरांना बोलवायला घाबरतात. तसं नाही, गंभीर आजार आहे तेव्हाच घ्यायचा, पुढे प्रकृती खालावली तर पुन्हाही घेता येतो. तेल कपाळाला आणि तळहातांना लागतं. पुढे रेडिएशन असेल तर त्या जागेवर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही तेल नको. लूर्द किंवा वेलंकनी या तीर्थस्थानांचं पाणी कोणी आणलं तर कपाळाला लावा, पिऊ नका. किती दिवसांचं साठवलेलं आहे कोण जाणे.

नगरचा_धाकटा:
सर्वांचे आभार. एक राहिलं. केमोच्या रात्री आई झोपतच नाही.

ऑन्को_सिस्टर:
बहुतेक डेक्सामेथासोन. घरी घ्यायच्या गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर घेता येतील का, डॉक्टरांना विचारा. रात्रीसाठी दोघा-तिघांच्या पाळ्या लावा, फोनवर हळू आवाजात स्तोत्र ४ किंवा १२१ वाचायचं, दहा मिनिटांच्या वर नाही. उलट्यांवरच्या ऑनडान्सेट्रॉनने शौचाला घट्ट होतं, त्यानेही रात्र जाते, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचे फोटो टाकू नका. ‘शुक्रवारी रक्त तपासणी, पेशींसाठी प्रार्थना’ एवढं पुरे. आईला विचारूनच.