लाल जास्वंदीच्या पाकळ्या सपाट येतात: फोटो तपासून द्या, एडिटिंगही सुचवा

शेवाळ

जास्वंदीचा क्लोजअप जोडला आहे. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, १०० मिमी मॅक्रो, एफ/११, १/१२५, आयएसओ ४००, हातात धरून, थेट उन्हात. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही आहेत. फ्रेमच्या लांब बाजूत साधारण नऊ सेंटिमीटर मावलंय.

प्रत्यक्षात पाकळीवरच्या शिरा स्पष्ट दिसत होत्या, फोटोत मात्र लाल रंग ओतल्यासारखा डाग आलाय. तपशील उठावदार करणारे स्लायडर, क्लॅरिटी +४० आणि टेक्श्चर +३०, केले, तर कडा काळवंडल्या, शिरा आल्याच नाहीत. हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) उजवीकडे टेकलेला नव्हता. शिवाय मधल्या दांड्याच्या टोकाच्या पाच कुक्षी धारदार आहेत, पण खालचे परागकोश पार धूसर झालेत. डाव्या कोपऱ्यात पांढरा गोळा आहे, तो हील ब्रशने (डाग पुसायचं साधन) काढायला जावं तर पाकळीची कड पुसली जाते. बिनधास्त चिरफाड करा.

तिरपं ऊन

शिरा गेल्या त्या फोकसमुळे नाहीत. लाल चॅनल (फोटोतला फक्त लाल रंगाचा थर) भरून गेलाय, म्हणून क्लॅरिटीने काही होईना. जिथे सगळे पिक्सेल २५५ वर, म्हणजे कमाल मूल्यावर, एकाच ओळीत बसलेत, तिथे कॉन्ट्रास्ट वाढवायला फरक उरलेलाच नाही.

हिस्टोग्रामने फसवलं, कारण तुम्ही बहुधा पांढरा, म्हणजे एकूण उजळपणाचा आलेख बघत होता. एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगांच्या हद्दीत) उजळपणाच्या हिशोबात लालचा वाटा साधारण २१ टक्के आणि हिरव्याचा ७२ टक्के. लाल काठोकाठ भरला तरी तो आलेख मध्यावर निवांत बसून राहतो. कॅमेऱ्यात आरजीबीचे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. आलेख जेपेगवरून बनतो, म्हणून पिक्चर स्टाइल 'व्हिव्हिड'वरून 'न्यूट्रल'वर आणा. व्हाइट बॅलन्स 'शेड'वर राहिला असेल तर तोही लाल आणखी ढकलतो.

आता आहे त्या फाइलचं. आधी एक चाचणी: लायटरूममध्ये रॉ उघडा, प्रोफाइल 'अडोबी न्यूट्रल' करा आणि सॅच्युरेशन थेट -४० वर न्या. शिरा उगवल्या तर रॉमध्ये माहिती शाबूत आहे, फक्त रंग एसआरजीबीच्या हद्दीबाहेर गेलाय. तसं असेल तर सॅच्युरेशन परत शून्यावर आणा आणि कलर मिक्सरमध्ये फक्त लालवर काम करा: सॅच्युरेशन -१५ ते -२५, ल्युमिनन्स -१० ते -२०. एक्स्पोजरही पाव-अर्धा स्टॉप खाली घ्या. सॉफ्ट प्रूफिंग (हद्दीबाहेरचे रंग दाखवणारी सोय) चालू करून बघा, पण लायटरूम हद्दीबाहेरचा भाग लाल रंगानेच रंगवतं. लाल फुलावर लाल इशारा! तिथे आलेखावर आणि डोळ्यांवरच भिस्त ठेवा.

शिरा अजून उठाव घेत नसतील तर फोटोशॉपमध्ये हिरवा चॅनल वापरा. लाल फुलात तो अंधारा असतो, पण शिरांचा तपशील त्यातच सापडतो. लेयरची प्रत काढा, 'अप्लाय इमेज'मध्ये हिरवा चॅनल निवडा, लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा आणि ऑपॅसिटी २०-३० टक्क्यांवर आणा. मास्क लावून फक्त पाकळ्यांवर ठेवा. पन्नासच्या पुढे गेलात की फूल शिळं दिसायला लागतं. निळ्या चॅनलच्या वाटेला जाऊ नका, त्यात नॉइज फार.

फोकसची_काडी

परागकोशांबद्दल. नऊ सेंटिमीटर फ्रेम म्हणजे मोठेपणा सुमारे १:४, सेन्सरवरची प्रतिमा फुलाच्या पाव आकाराची. एपीएस-सीला ०.०२ मिमीचा निकष (सेन्सरवर एवढा ठिपका धारदारच धरायचा) लावला तर एफ/११ ला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे धारदार दिसणारी खोली, साधारण ९ मिमी मिळते. जास्वंदीचा दांडा पाच-सहा सेंटिमीटरचा आणि तुमच्या फोटोत तो लेन्सकडे रोखलेला आहे. एफ/२२ केलं तरी पावणेदोन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, वर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. एडिटिंगने हे सुटणार नाही. शार्पनिंगने धूसर परागकोशांभोवती फक्त पांढरी रेघ येईल.

दोन उपाय. सोपा म्हणजे बाजूला सरका. दांडा सेन्सरला समांतर झाला की एफ/८ मध्येही कुक्षीपासून परागकोशांपर्यंत सगळं एका प्रतलात येतं. समोरूनच हवा असेल तर स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र जोडणं: ट्रायपॉड, एफ/८, दर फ्रेमला फोकस ४ मिमी मागे. तिथे डेप्थ ६ मिमीच्या आसपास असते, म्हणजे एक-तृतीयांश भाग एकमेकांवर येतो. पाच सेंटिमीटरला तेरा-चौदा फ्रेम पुरतात. फोटोशॉपमध्ये ऑटो-अलाइन, मग ऑटो-ब्लेंडमध्ये 'स्टॅक इमेजेस'. वारा असेल तर नाद सोडा: फूल हललं की परागकोशांच्या दुहेरी प्रतिमा येतात आणि त्या पुसत बसण्यापेक्षा पुन्हा काढणं परवडतं.

आणि थेट ऊन टाळा. फुलापासून वीतभर अंतरावर पातळ पांढरं कापड धरलं तरी पाकळीवरची चकाकी जाते. वर 'तिरपं ऊन' यांनी सांगितलेलं अर्धं काम तिथेच वाचेल.

मऊ_ब्रश

पांढरा गोळा म्हणजे पानांच्या फटीतलं आकाश. कॅमेरा चार बोटं डावीकडे नेला असता तर तो पानाआड गेला असता. क्लोजअपमध्ये तेवढ्यानेच मागचं सगळं बदलतं.

हील ब्रश कडेला चुकतो, कारण तो आजूबाजूचा रंग मिसळतो आणि पाकळीचा लाल ओढून आणतो. म्हणून आधी फुलाचं सिलेक्शन करा, उलटं करा, १ पिक्सेल फेदर द्या (कड मऊ करा). मग नव्या रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्प, हार्डनेस ०, ऑपॅसिटी ४० टक्के, 'करंट अँड बिलो'. हिरवा दोन-तीन वेगवेगळ्या जागांहून उचला, एकाच जागेचा उचलला तर ठसे उठतात. शेवटी त्या भागावर गॉशियन ब्लर आणि १-२ टक्के नॉइज. नॉइज विसरलात तर तेवढाच भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. फाइल १६ बिट ठेवा, नाहीतर हिरव्यात पट्टे पडतील.

खालच्या पाकळीवर तीन काळे कण आहेत, ते काढा. पिवळे परागकण मात्र राहू द्या! ते झटकले की फूल कागदी वाटतं. कण शिरेवर असेल तर हील नको, क्लोन घ्या आणि शिरेच्या दिशेनेच ओढा.

शेवाळ

चाचणी केली. खालच्या तीन पाकळ्यांत शिरा परत आल्या. वरच्या उजव्या पाकळीत, उन्हाच्या कवडशात, -४० ला फक्त फिका गुलाबी डाग उरला. तिथे क्लोनने शिरा रंगवाव्यात का?

तिरपं ऊन

नका. तो भाग रॉमध्येच जळलाय, म्हणजे जास्त उजेडाने तपशीलच गेलाय. दुसऱ्या पाकळीच्या शिरा तिथे बसवल्या तर वळण जुळत नाही, बघणाऱ्याला लगेच कळतं. हायलाइट्स -३० आणि एक्स्पोजर -०.३ चा मास्क लावून डाग थोडा दाबा, किंवा उजवीकडून साधारण १२ टक्के क्रॉप करा. दांडा तसाही मध्यावर अडकलाय, क्रॉपने तो उजवीकडे सरकेल.

मऊ_ब्रश

क्रॉपला माझा विरोध. पाकळी अर्धवट कापली की फ्रेम गुदमरते. मास्कच बरा.

तिरपं ऊन

दोन्ही प्रती काढून शेजारी ठेवा आणि ठरवा. शार्पनिंग मात्र सगळ्यात शेवटी, आकार २०४८ पिक्सेल केल्यावर: रेडियस ०.५, आणि मास्क फक्त कुक्षीवर.